तिसऱ्यांदा विचारायची सोय नाही

न्यूझीलंडमध्ये डॉक्टर घरी येत नाही. आपण त्याच्याकडे जायचं, आणि त्याच्याकडे जाण्याआधी त्याच्याकडे जाण्याच्या रांगेत जायचं. माझ्या गुडघ्याच्या एमआरआयची तारीख येईपर्यंत गुडघा आपला आपण बरा झाला आणि दुसरा दुखायला लागला. तसं कळवलं, तर उत्तर आलं की दुसऱ्या गुडघ्यासाठी नव्याने रेफरल, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, लागेल.

एकाच कामासाठी इथे डॉक्टर घरी येतो. रांग नाही, बिल नाही, शिवाय बूट दाराबाहेर काढून आत येतो. ते काम म्हणजे असाध्य आजारात, कायद्याने, दिवस ठरवून मरायला मदत करणं. त्याला अटी भरपूर आहेत. आजार सहा महिन्यांत संपवणारा हवा, त्रास असह्य हवा, डोकं शाबूत हवं. पण त्याही आधीची अट अशी की हा विषय पेशंटने स्वतः काढायचा. डॉक्टरने तो सुचवायचासुद्धा नाही.

इथे आमचं गाडं अडलं. माझे वडील, दादाराव तायडे, यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतोय. बाबा जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत. भाजी अळणी झाली तर अळणीच संपवतात आणि वर "छान झालीय" म्हणतात. आई त्यांच्या चावण्याच्या वेगावरून ओळखते आणि मिठाची बरणी पुढे सरकवते. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे. ऑकलंडला आलो, अवोन्डेलमध्ये घर घेतलं, मी शिकून आयटीत लागलो, तरी बरणी सरकवणं आईकडेच.

हा नियम आजोबांनी घालून दिलेला. आजोबांच्या काळी गावात आमच्या माणसांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं, तेही मागितल्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने. म्हणून आजोबांनी पोरांना बजावलं होतं: कुणाच्या दारात काही मागायचं नाही. कुणी आपणहून दिलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा दिलं, तर समजायचं की माणूस मनापासून देतोय. मग घ्यायचं. बाबांनी हा नियम पाळत शाळा केली, इंजिनिअरिंग केलं, पुण्यात पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आणि मग ऑकलंडच्या जमिनीखालचे पाइप सांभाळत निवृत्त झाले. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं. "ज्या गोष्टीसाठी मागावं लागतं, ती नळातून यायला हवी."

आता त्यांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. पोट फुगलेलं, पाठ आतून जळायची, प्यायलेलं पाणी उलटून पडायचं. मॉर्फिन चालू असूनही कुशीवर वळता येत नव्हतं. एका दुपारी ते मला म्हणाले, "अमेय, तो कायदा आहे ना इथे. मी तसं जायचं ठरवलंय. डोकं जागेवर असताना."

लिव्हर फार बिघडलं की माणूस बरळायला लागतो, असं त्यांनी वाचलं होतं. आणि बरळणाऱ्या माणसाचं 'हो' कायदा धरत नाही.

 मी मूर्खासारखं म्हणालो, "मग डॉक्टरांना सांगा."

"मी कशाला सांगू? ते विचारतील ना."

"ते विचारू शकत नाहीत, बाबा. बंदी आहे."

"एवढे शिकलेले लोक. माणसाकडे बघून कळत नाही का त्यांना?"

हॉस्पिटलमधल्या डॉ. नायजेलना कळत होतं. तीच तर पंचाईत होती. भला माणूस. 'दादा' हे बाबांचं पहिलं नाव आणि 'राव' हे मधलं, असा त्यांचा समज आहे.

"कसं काय, दादा?"

"ऑल गुड," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी स्क्रीनवरचे रिपोर्ट पाहिले. त्यात काहीच गुड नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि शांतपणे सांगितलं की आता फार महिने नाहीत, कदाचित आठवडेच. म्हणजे तुम्ही मरणार आहात हे त्यांना सांगता येत होतं. त्याच्या पुढचं एक वाक्य तेवढं येत नव्हतं.

"तुमच्या मनात काही आहे का? माझ्याशी बोलावंसं वाटतं असं? काहीही?" 'काहीही' म्हणताना त्यांच्या भुवया इतक्या वर गेल्या की त्या परत येतील की नाही अशी मला काळजी वाटली.

"नो, नो. तुम्ही कामात आहात."

"मी अजिबात कामात नाही."

"बाहेर लोक बसलेत."

"बसू देत."

बाबा हसले. डॉक्टर हसले. खोलीत तीन माणसं होती आणि तिघांना एकच गोष्ट ठाऊक होती. एकाला ती बोलायला सरकारची बंदी, दुसऱ्याला आजोबांची. राहिलो मी. मुलाने तोंड उघडलं असतं तर पोरगा बापाला वाटेला लावतोय असा वास आला असता, म्हणून मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र वाचत बसलो. आता मला ते पाठ आहे.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "सरकारी आहे ना, म्हणून. प्रायव्हेटमध्ये विचारतात. पैसे भरले की माणूस विचारतोच."

बाबांची प्रायव्हेट विम्याची पॉलिसी होती, कधी न वापरलेली. आम्ही प्रायव्हेट स्पेशालिस्टकडे गेलो. तिथे खरोखर सगळं विचारत होते. पार्किंग सापडलं का, पाठीला उशी हवी का, लाइट कमी करू का, कॉफी कुठल्या दुधाची. रिसेप्शनवरच्या मुलीने बिस्किटांची बशी पुढे केली. बाबा "नको" म्हणाले. तिने पुन्हा केली. बाबा पुन्हा "नको" म्हणाले. तिने बशी उचलून आत नेली.

बाबा बशी गेली त्या दाराकडे बघत राहिले. मला तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

स्पेशालिस्टने नवीन स्कॅन सुचवला, आहारतज्ज्ञ सुचवली, पायाला मसाज करणारी एक बाई सुचवली. आम्हाला हवं होतं ते सोडून सगळं सुचवलं. कायदा दोन्हीकडे एकच होता. फक्त इथे त्याला गालिचा होता.

"हे चुकीचं आहे," बाबा घरी आल्यावर म्हणाले. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर तो कायदा उघडला आणि उशीला टेकून वाचून काढला, टेंडर वाचतात तसा. पुढच्या भेटीत डॉ. नायजेलनी भुवया वर न्यायच्या आतच बाबा म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या कायद्याचं ते कलम आहे ना, पेशंटनेच विषय काढायचा म्हणणारं? त्याची रचना सदोष आहे. पाइप टाकायचा, पाणी सोडायचं आणि घरमालकाला सांगायचं नाही, असलं काम झालं."

डॉ. नायजेलनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दादा, तुम्ही हा विषय काढताय का?"

"मी कलमाच्या रचनेचा विषय काढतोय."

"मला पुरे आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना इतक्या जोरात टाइप करताना कधी पाहिलं नव्हतं.

गुडघ्याचं उत्तर वर्षाने देणाऱ्या देशात हे ठरवून मरण्याचं काम बघणाऱ्या सरकारी सर्व्हिसचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. आणि मग डॉ. फिलिपा घरी आल्या. पिकलेल्या केसांची, सावकाश बोलणारी बाई. त्यांनी बूट बाहेर काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे त्या आईला लगेच आवडल्या. आई चहा टाकायला गेली.

"कि ओरा, दादा." हा इथला माओरी नमस्कार. "मी आज फक्त तुमचं ऐकायला आलेय," फिलिपा म्हणाल्या. "तुम्ही कधीही थांबू शकता. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुम्ही नाही म्हणालात की मी तिथेच थांबते."

 या देशाने अख्खा कायदा माझ्या बापाच्या सर्वांत वाईट सवयीवर उभा केला होता.

"तर, तुम्हाला यात पुढे जायचंय का?"

बाबा संकोचून हसले. "नो, नो. आधी चहा घ्या."

फिलिपा थांबल्या. "चहा नंतर घेऊ. नीट विचार करून सांगा. हे तुम्हाला हवंय का?"

"नको हो. कशाला त्रास. तुम्ही इतक्या लांबून आलात."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई धावत आली. हातात चहाचं गाळणं, त्यातून गालिच्यावर थेंब पडतायत. आईचं इंग्रजी एरवी चांगलं आहे, पण घाईत ते चपला न घालता बाहेर पडतं. "आस्क थर्ड टाइम!" ती ओरडली. "ही विल से येस! ओन्ली आस्क थर्ड टाइम!"

फिलिपांनी आईकडे पाहिलं, गाळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुजाता, अमेय, मला दादांशी एकट्याने बोलावं लागेल."

आम्ही स्वयंपाकघरात उभे राहिलो. आई गाळणं घट्ट धरून होती. थोड्या वेळाने फिलिपा आत आल्या.

"मला थांबावं लागेल," त्या म्हणाल्या. "ते दोनदा नाही म्हणाले. आतासुद्धा म्हणाले, 'डोन्ट ट्रबल'. आणि घरातलं कुणी 'हो म्हणतील, विचारा' असं ओरडत असेल, तर दबाव नाही ना ही शंका मला घ्यावीच लागते."

"अहो, ती पद्धत आहे आमची," मी म्हणालो. "दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस हो म्हणतो."

"मला समजतंय. पण माझ्याकडे तिसऱ्यांदा विचारायची सोय नाही."

"एकदाच तर विचारायचंय!"

"अमेय, मरायचा आग्रह करणारी डॉक्टर तुम्हाला चालेल?"

नसती चालली. संताप त्याचाच होता. कुणा मूर्खाने असा कायदा केलाय असं म्हणून मोकळं व्हायची सोय नव्हती. कायदा बरोबर होता, फिलिपा बरोबर होत्या, आजोबाही बरोबर होते. सगळे बरोबर होते आणि बाबांची पाठ जळत होती.

फिलिपा निघताना बाबांनी चिवड्याची बशी पुढे केली. त्या "नको, थँक यू" म्हणाल्या. बाबांनी पुन्हा केली. त्या पुन्हा नको म्हणाल्या. बाबांनी तिसऱ्यांदा केली. फिलिपांनी माझ्याकडे बघत मूठभर चिवडा घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. "त्यांना वाटलं तर ते स्वतः पुन्हा फोन करू शकतात," त्या शेंगदाणा चावत म्हणाल्या. "केव्हाही. पण स्वतः."

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई चांगली आहे. जरा घाई करते. आणखी एकदा विचारलं असतं तर झालं असतं काम."

मी अंगणात जाऊन कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. आता दोन्ही गुडघे दुखायला लागले.

मग ती दुपार आली. मी घरून काम करत होतो. बाबांनी हाक मारली आणि विचारलं, "खडकवासल्याचं पाणी सोडलं का?"

मी म्हणालो, "बाबा, आपण अवोन्डेलमध्ये आहोत."

"तिथे सोडू नका," ते म्हणाले. "तिथे प्रेशर कमी आहे."

घरी येणाऱ्या नर्सने पोट साफ व्हायचं औषध वाढवलं, अंगात साचलेलं विष निघून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं जागेवर आलं. उशीला टेकून त्यांनी मला विचारलं, "काल मी काय बोललो?"

"खडकवासल्याचं पाणी सोडलं का विचारलंत."

"सोडलं होतं का?"

ते हसले नाहीत, मग मीही नाही.  बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. पुढच्या वेळी डोकं परत येईल याची हमी कुणी देत नव्हतं, प्रायव्हेटवालेसुद्धा.

"करा ना मग फोन," मी म्हणालो. "नंबर लावून देतो. फक्त हवंय म्हणा."

"कुणाला तरी फोन करून मागू? भीक मागतात तसं?"

"भीक काय त्यात! कायद्यात लिहिलंय. हक्क आहे तुमचा."

"हक्क असेल तर आणून द्यावा. नळासारखा."

"नळालासुद्धा तोटी असते, बाबा! ती स्वतःच फिरवावी लागते!" मी ओरडत होतो. "घरोघरी फिरून लोकांच्या तोट्या फिरवत होतात का तुम्ही?"

"तोटी फिरवणं म्हणजे मागणं नाही."

"मग हो म्हणणं हे तरी मागणं कसं?"

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, मी जिंकलो. मग लक्षात आलं की मी काय जिंकायला बघत होतो. बाप मरायचं म्हणतोय, आणि मुलगा त्याच्या खोलीत उभा राहून घसा फोडतोय की लवकर म्हणा. फिलिपांनी ऐकलं असतं तर फाइल कायमची बंद केली असती. मी दाराकडे वळलो. दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

 ती स्वयंपाकघरात गेली आणि टेबलावरची मिठाची बरणी उचलून वरच्या कपाटात ठेवली.

त्या दिवसापासून घरातलं मीठ बंद झालं. बाबांना पेज तेवढी जायची, चार चमचे. ती अळणी. आमची आमटी अळणी, भाजी अळणी, अंडी अळणी. "आई, मीठ विसरलीस," मी म्हणालो.

"तुला हवं असेल तर माग. मिळेल."

"दे मग."

तिने काढून दिलं, मी घेतलं, तिने परत कपाटात ठेवलं. बाबांच्या वाटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बाबांनी अळणी पेज संपवली. "छान झालीय," ते म्हणाले.

"हो का," आई म्हणाली.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. घरात दोन हट्टी माणसं होती. एक बिछान्यात, एक ओट्यापाशी. मी अधूनमधून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, जाऊन खारे चिप्स खात उभा राहायचो, कारण त्या घरात मीठ मागून खायची मला लाज वाटायला लागली होती. डेअरीवाल्याने विचारलं, वडील कसे आहेत. मी म्हणालो, "ऑल गुड." तेवढा वारसा माझ्याकडे आलाय.

एका संध्याकाळी आई वाटी घेऊन बिछान्यापाशी बसली होती. बाबांनी एक चमचा घेतला. दुसरा तोंडाशी नेऊन खाली ठेवला.

"सुजाता."

"काय?"

"मीठ."

"काय मीठ?"

बाबांनी डोळे मिटले. ते पेज गिळताहेत असं मला वाटलं, पण तोंडात काहीच नव्हतं. "मीठ दे," ते म्हणाले. "मला हवंय."

आई उठली. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने बरणी आणली, चिमूटभर मीठ वाटीत टाकून ढवळलं, आणि चमचा त्यांच्या तोंडात दिला.

"छान झालीय," बाबा म्हणाले.

आई वाटी माझ्या हातात देऊन बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. तिने त्यांना मागायला शिकवलं होतं, आणि आता ते पुढचं काय मागणार हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना वाया जाणारं पाणी कधी सहन झालेलं नाही. पाहुण्यांच्या घरी ठिबकणारा नळसुद्धा ते उठून बंद करायचे. त्या संध्याकाळी ते नळाचा आवाज ऐकत पडून राहिले. बंद कर म्हणाले नाहीत.

सकाळी त्यांनी माझ्याकडे फोन मागितला. मागितला. मी इतका गोंधळलो की त्यांना टीव्हीचा रिमोट दिला.

"धिस इज दादाराव तायडे," ते फोनवर म्हणाले. "मला ते हवंय."

पलीकडच्या बाईने बहुधा विचारलं, काय हवंय. कारण मग बाबांनी ते स्पष्ट सांगितलं. पूर्ण वाक्यात, आवाज न कापता. मी खिडकीबाहेर बघत होतो.

फिलिपा पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी आम्हा दोघांना आधीच बाहेर काढलं. आम्ही कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी उभे राहिलो. आई वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा उलटे करत होती. थोड्या वेळाने फिलिपा दारात आल्या.

"हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "चहाच्या आधी."

नियमाप्रमाणे दुसरा डॉक्टर स्वतंत्र मत द्यायला आला. तो बसायच्या आतच बाबांनी त्याला हो सांगून टाकलं. त्याने बसून पुन्हा विचारलं, मग बाबा वैतागून म्हणाले की यात मागच्या अनुभवाची नोंद ठेवायची काही पद्धत नाही का.

मंजुरी आली. बाबांनी दिवस ठरवला. मधल्या दिवसांत एक गोष्ट झाली, जिच्यासाठी आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती. बाबांना मागण्याची चटक लागली.

खिडकी उघड. आता लाव. उशी अशी नको, तशी दे. दाढी कर माझी. एवढी घासून नको. रविवारी मला अवोन्डेलच्या बाजारात पाठवून शेपू मागवला. मी पार शेवटच्या टपरीपर्यंत हिंडून आणला, तर वास सहन होईना म्हणून घराबाहेर ठेवायला लावला. शेजारचा ब्रूस वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी गवत कापायचं मशीन लावतो आणि बाबा वर्षानुवर्षं दात आवळून ऐकतात. त्यांनी मला निरोप घेऊन पाठवलं की बंद कर. ब्रूसने केलं. वर माफी मागितली आणि घरच्या झाडाच्या फिजोआंची, म्हणजे इथल्या हिरव्या पेरूसारख्या फळांची, पिशवी दिली. पहिल्याच खेपेला.

"एवढं सोपं असतं?" बाबा म्हणाले. "मला कुणी बोललं नाही कधी."

"मी बोलत होते," आई म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होता."

ठरलेल्या दिवशी फिलिपा आल्या. बूट बाहेर काढले. या वेळी मोजे नवे होते. मला त्या मोज्यांचा राग आला.

त्यांनी खोलीत सगळं शांतपणे मांडलं आणि बाबांच्या शेजारी बसल्या. "दादा, मला विचारावंच लागतं. आज, की दुसऱ्या एखाद्या दिवशी, की नकोच?"

"आज," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "चहा राहिला तुमचा."

"मागच्याच वेळी झाला माझा," फिलिपा म्हणाल्या. झाला नव्हता.

बाबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. आई चौकटीत उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. ना आत, ना बाहेर.

"सुजाता, इथे बस."

"नको," आई म्हणाली. "दूध ठेवलंय शेगडीवर."

"बस ना."

"नको हो. उतू जाईल."

 मी फिलिपांकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही. पण त्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि वाट बघत बसल्या.

बाबांनी चादरीवरून हात पुढे केला. तळवा वर.

"सुजाता. बस माझ्याजवळ."

आई येऊन बसली.

मी दूध बंद करायला स्वयंपाकघरात गेलो. शेगडी थंड होती. पातेलं जाळीत पालथं होतं, दूध फ्रिजमध्ये. नसलेलं दूध बंद करत मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग आत येऊन बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसलो, कुणी न सांगता.